शांततेचा दाखला

“आणि पोलिसांचं?” मुजावर वस्तादांनी विचारलं.

“आहे. पान एकवीस.”

“पाटबंधारे?”

“पान सव्वीस. तळं आमच्याकडे नाही, असं त्यांनी लेखी दिलंय.”

“मग कुणाकडं हाय?”

“ग्रामपंचायतीकडे. पान सत्तावीस. तळं आमच्याकडे आहे, असं त्यांनीही लेखी दिलंय.”

वस्तादांनी मान डोलावली. ते घराच्या सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दाणे एका ताटात, टरफलं दुसऱ्यात. समोर शिरीष बोरगे बसला होता आणि त्याच्या मांडीवर फाइल होती.

फाइल तीन किलोची होती. अनुक्रमणिका, रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येक कागदाच्या दोन सत्यप्रती. एखाद्या सरकारी खात्यात ती तयार झाली असती, तर तिच्यासाठी स्वतंत्र कपाट मंजूर झालं असतं आणि कपाट आलं त्या दिवशी ती हरवली असती.

कोल्हापुरात वस्ताद म्हणजे तालमीतला. दिलावर मुजावर तालमीत कधी गेले नव्हते. त्यांनी चाळीस वर्षं चित्रपटांची व्यवस्था पाहिली होती. म्हणजे शूटिंगच्या आधी परवानग्या, जागा, माणसं, जेवण, बैल आणि पाऊस यांची तजवीज. पडद्यावर त्यांचं नाव येई, तेव्हा प्रेक्षक खुर्चीखाली चपला शोधत असत. पण या धंद्यातले लोक त्यांना वस्तादच म्हणत.

त्यांच्या मागे भिंतीवर, खिळ्याला, एक लाकडी पॅड टांगलेलं होतं. कागद अडकवायचं. चापाला गंज चढलेला. वस्तादांनी ते चाळीस वर्षं काखेत धरलं होतं, आणि ज्याची तयारी बघून आपला जीव निवांत होईल त्याला ते द्यायचं, असं ठरवलं होतं.

तीन शिष्य रिकाम्या हातानं गेले होते. त्यातला एक मुंबईत मोठा निर्माता झाला होता. तो अजूनही पॅडची चौकशी करी.

शिरीष चौथा. त्याचा हा स्वतंत्रपणे सांभाळलेला पहिला चित्रपट. शूटिंग बुधवारी सुरू होणार होतं, आणि आज रविवार.

“बैलाचं?” वस्तादांनी विचारलं.

“पशुवैद्यकाचा दाखला, मालकाचं संमतिपत्र, बैलाचे फोटो. दोन्ही बाजूंनी.”

“दुसऱ्या बाजूनं बैल न्यारा दिसतोय व्हय?”

“नियम आहे, वस्ताद.”

“मग बरोबर हाय.”

“पाऊस आला तर वेगळं वेळापत्रक आहे. डॉक्टर आहे. जनरेटर दोन आहेत. एक बिघडला तर दुसरा.”

“आन् दुसरा बिघडला तर?”

शिरीषनं पान उलटलं.

“तिसऱ्याचा फोन नंबर.”

वस्ताद हसले. शिरीषला ते हसू पॅडच्या दिशेनं निघाल्यासारखं वाटलं.

“आता हा बघा,” तो म्हणाला आणि त्यानं एक कागद बाहेर काढला. या कागदाला त्यानं प्लास्टिकचं वेगळं पाकीट केलं होतं. “हा तुमच्या काळात नव्हता.”

वस्तादांनी चष्मा लावला. ग्रामपंचायतीचं लेटरहेड, गोल शिक्का, सही. मजकूर एका ओळीचा होता. दाखला देण्यात येतो की, मौजे धामणेवाडी येथील तळे व लगतचा परिसर शांत आहे.

“शांततेचा दाखला?”

“हो. वत्सलाबाईंसाठी.”

वत्सलाबाई काशीद एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. चित्रपटाच्या शेवटी त्या तळ्याच्या पायरीवर बसून पाण्याकडे पाहत एक वाक्य कुजबुजणार होत्या. एवढंच त्यांचं काम, पण सगळा चित्रपट त्या वाक्यासाठी होता. बाई डबिंग करत नसत. पायरीवर जे बोलायचं ते तिथंच, एकदाच, आणि तोच आवाज पडद्यावर. त्यांच्याकडे दिवसही एकच मोकळा होता. बुधवार.

“म्हणून आवाजाची सगळी खात्री करून घेतली,” शिरीष म्हणाला. “साउंडवाल्याला नेऊन आणलं. तो म्हणाला, अशी शांतता स्टुडिओतसुद्धा मिळत नाही. त्याचंही पत्र आहे. पान बावन्न.”

“झ्याक.”

“त्रेसष्ट कागद आहेत, वस्ताद. त्रेसष्ट. मुंबईची कंपनीसुद्धा एवढं करत नाही.”

“न्हाई करत.”

शिरीषची नजर खिळ्याकडे गेली. वस्तादांनी आणखी एक शेंग फोडली.

“जागा कशी हाय?”

“ही काय.” शिरीषनं दुसरा भाग उघडला. “चौऱ्याऐंशी फोटो. नकाशा. सूर्य किती वाजता कुठं असतो त्याचा तक्ता. दवाखान्याचं अंतर.”

“ते बघितलं. जागा कशी हाय?”

“तेच सांगतोय…”

“किती डाव गेलतास?”

“नऊ वेळा. आज सकाळी नववी खेप.” त्यानं पाठ ताठ केली. “आणि कामाचा एक दिवस वाया घालवला नाही. सोमवार ते शुक्रवार कार्यालयं, शनिवारी अर्ज टाइप करायचे, झेरॉक्स काढायच्या. जागेवर जायला मी फक्त रविवारच वापरले.”

वस्तादांच्या बोटांत शेंग तशीच राहिली.

“सगळे रविवार?”

“सगळे. साउंडवाल्यालासुद्धा रविवारीच नेलं.”

…

वस्तादांनी न फोडलेली शेंग ढिगात परत ठेवली.

“उद्या मला ने तिथं.”

“उद्या? उद्या सोमवार, वस्ताद. सोमवारी मी…”

तो थांबला. सोमवारी त्याला कुठंच जायचं नव्हतं. सगळे कागद झाले होते.

सकाळी ते मोटारसायकलवरून निघाले. मधे फाइल होती. वस्तादांनी तिला पोटाशी धरली होती, आणि खांद्याला त्यांची शबनम होती.

रस्ताभर शिरीष बोलत होता. कुठल्या साहेबानं तीन वेळा परत पाठवलं, कुठल्या साहेबाला आपण नियम वाचून दाखवला, कुठला साहेब शेवटी उठून उभा राहिला. वाऱ्यामुळे वस्तादांना निम्मं ऐकू येत नव्हतं. ते निम्म्याला हुंकार देत होते.

धामणेवाडीच्या अलीकडे रस्ता वळतो तिथं शिरीष पहिल्यांदा गप्प झाला.

टेकडीच्या पलीकडून आवाज येत होता. खड-खड-खड-खड. आधी तो गाडीचा वाटला. त्यानं गाडी बंद केली. आवाज चालूच राहिला.

“चल की,” वस्ताद म्हणाले.

तळं होतं तिथंच होतं. दगडी पायऱ्या, कडेला महादेवाचं लहान देऊळ, वाकलेली करंज. फोटोतल्यासारखंच सगळं. सूर्यसुद्धा तक्त्याप्रमाणे होता. फक्त टेकडीमागं खडीचा क्रशर दगड भरडत होता, आणि पाण्यावर बारीक लहरी उठत होत्या. वारा मात्र नव्हता.

वस्ताद एका पायरीवर बसले.

“त्यो दाखला काढ.”

शिरीषनं फाइल उघडली. प्लास्टिकचं पाकीट काढलं.

“वाच.”

“दाखला देण्यात येतो की…”

वस्तादांनी कानामागं हात धरला.

“दाखला देण्यात येतो की, मौजे धामणेवाडी येथील…”

“ऐकू येईना. मोठ्यानं.”

“…येथील तळे व लगतचा परिसर…”

“आँ?”

“शांत आहे!” शिरीष ओरडला.

देवळावरचे पारवे उडाले.

वस्तादांनी हात खाली घेतला. शिरीषनं कागद पाकिटात घातला, पाकीट फाइलमध्ये घातलं, फाइलचा बंद बांधला. मग सोडला. मग पुन्हा बांधला.

“मी ग्रामपंचायतीत जातो,” तो म्हणाला. “खोटा दाखला देतात म्हणजे काय! लेखी खुलासा मागतो. शिक्का आहे त्यांचा.”

“मागून काय करशील?”

“फाइलला लावतो.”

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाजूच्या पायरीवर हात आपटला.

“बस.”

“परवा शूटिंग आहे, वस्ताद. बाई येणार आहेत. मला आत्ताच्या आत्ता…”

“बस म्हनलं न्हवं!”

तो बसला.

एक तास गेला. आवाज चालू होता. शिरीषनं खिशातून पेन काढलं. वस्तादांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि आपल्या खिशाला लावलं. फोन काढला, तर नुसता हात पुढं केला. फोनही तिथंच गेला.

दुसरा तास गेला…

बाराला टेकडीमागं भोंगा झाला. खडखड हळू होत गेली आणि थांबली.

शिरीषनं श्वास रोखला. एवढी शांतता त्यानं आठ रविवार आणि काल सकाळी ऐकली होती. पण तेव्हा तो फोटो काढत होता. आता त्याला करंजीचं एक पान दगडावर पडलेलं ऐकू आलं. देवळाच्या माथ्यावर परतलेल्या पारव्यांचं घुमणं. आणि डाव्या हाताला कुठंतरी पाणी ठिबकत होतं, ते त्याच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

टेकडीवरून तीन बाया भाकरीची फडकी घेऊन उतरल्या. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ. हातपाय धुऊन त्या खालच्या पायरीवर बसल्या. त्यातली एक शिरीषला पाहून थबकली.

“आगं बया, सायेब आज सोमवारचं?”

“तुम्ही मला ओळखता?”

“वळकायला काय हुतंय? ऐतवारी मशिनला सुट्टी, आमी हितं पानी भराय येतो की. तुमी फोटू काढतासा.” ती बाकीच्यांकडं वळली. “मी म्हनत न्हवतो, सुट्टीला फिराय येनारा मानूस हाय त्यो?”

बाया हसल्या. वस्तादही हसले. शिरीषचे कान लाल झाले.

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत, इथं क्रशर चालतो म्हणून?”

“तुमी कवा इचारलं?” ती म्हणाली. “वैनी, पानी द्या म्हनून सुदिक कवा मागितलं न्हाई. नुसतं आमाला म्हनायचं, बाई, जरा फोटोतनं बाजूला व्हा.”

शिरीषनं खाली पाहिलं. तो म्हणाला, “पाणी… द्याल का?”

तिनं तांब्या पुढं केला. तो प्याला. मग त्यानं विचारलं, “मशिन किती वेळ बंद असतं?”

“बारा ते एक. रोजच. एकाला भोंगा.”

“आणि खाणीतले सुरुंग?”

“सांजच्याला. त्याचा भोंगा न्यारा असतोय. लांब.”

“हे पाणी कुठं ठिबकतंय?”

“देवाच्या मागनं झरा हाय. चिखलाचा बोळा लावला की थांबतंय. तुमास्नी लावून देऊ व्हय?”

“आज नको. बुधवारी. आणि बुधवारी जेवायला जरा पलीकडं बसाल का? आमच्या एक आजी येणार आहेत. त्यांना हळू बोलायचंय.”

“किती हळू?”

“अगदी हळू.”

तिनं बाकीच्यांकडं पाहिलं. “मग आमी जेवायचंच मागनं,” ती म्हणाली. “आयकू द्या की आमालाबी.”

एकाला भोंगा झाला. बाया उठल्या. खडखड पुन्हा सुरू झाली, आणि तळ्यावर लहरी उठल्या.

शिरीष उठला नाही.

वस्तादांनी शबनममधून लाकडी पॅड बाहेर काढलं. बाहीनं पुसलं. चाप एकदा दाबून सोडला. मग ते शिरीषच्या मांडीवर, फाइलच्या वर ठेवलं.

शिरीषनं पॅडला हात लावला नाही.

“नको, वस्ताद.”

“का रं?”

“मी अजून सोमवारच बघितलाय. मंगळवार राहिलाय.”

चाळीस वर्षांत वस्तादांकडे हे पॅड पुष्कळांनी मागितलं होतं. नको म्हणणारा पहिलाच भेटला होता. त्यांनी पॅड उचललं नाही. पेन खिशातून काढून त्याच्या चापात अडकवलं, फोन त्याच्यावर ठेवला, आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. पॅंटच्या मागच्या बाजूला हात लावून पाहिला; ती चांगलीच तापली होती. दोन्ही हातांनी धूळ झटकली.

“उद्या फाइल इसरू नको,” ते म्हणाले. “पायरी लई तापती.”