गालभर करवंदे

मुलांनो, एका जंगलाला एका बाजूने समुद्र अगदी खेटून होता. तिथे एक माकड आणि एक ससा असे दोघे शेजारी राहत. एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि होते नव्हते ते सारे जळून गेले. कड्यापलीकडचे जंगल मात्र हिरवेगार होते. तिकडे जायला वाट एकच, कड्याच्या पायथ्याच्या खडकांवरून, आणि तीही ओहोटी असेतोवरच. म्हणून त्या वाटेने जाणाऱ्यांचा एक रिवाज होता. पुढच्याने मान खाली घालून, शेवाळ चुकवत पाय टाकायचे. मागच्याने समुद्रावर नजर ठेवायची आणि पाणी चढू लागले की ओरडायचे.

"मी पुढे होतो," ससा म्हणाला. "पण माकडदादा, मला काही तुझ्यासारखा कडा चढता येत नाही. तू ओरडलास तरच मी वाचेन."

"अरे, तू बिनघोर चल!" माकड म्हणाले. पण निघता निघता त्याला वणव्यातून वाचलेली करवंदाची एक जाळी दिसली. कालपासूनचा उपाशी जीव तो! पलीकडे काय मिळेल, कधी मिळेल, कोणी सांगावे? माकडांच्या गालांत मुळातच पिशव्या असतात. या पठ्ठ्याने त्या इतक्या ठासून भरल्या की जीभ हलवायलाही जागा उरली नाही.

अर्धी वाट नीट गेली. पुढे खडकांत एक खोल घळ होती. ससा तिच्यात उतरू लागला, आणि त्याच वेळी माकडाला दिसले की पाणी फिरले आहे. भरतीची पहिली मोठी लाट थेट घळीकडे येत होती. माकड ओरडायला गेले, तर तोंडातून नुसते "हूं हूं" निघाले.

"काय दादा, खाणं चाललंय वाटतं!" मान वर न करताच ससा हसला आणि आणखी खाली उतरला.

आता करवंदे थुंकून टाकायला असा कितीसा वेळ लागतो? पण माकडाचा जीव त्यांत अडकला होता. 'होईल तो पार,' त्याने मनाची समजूत घातली. 'चार उड्यांचं तर काम.' एवढ्यात लाट घळीत घुसली आणि ससा फेसात दिसेनासा झाला.

माकडाने सगळी करवंदे भसाभस थुंकली आणि ते किंचाळले, "वर ये! कड्याच्या बाजूने वर ये!" त्या आवाजाच्या रोखाने ससा पाण्यात हातपाय मारू लागला. माकडाने वाकून त्याचे कान पकडले आणि सगळा जोर लावून त्याला वर ओढले. ससा वाचला, पण त्याचा मागचा पाय खडकावर आपटून मोडला होता.

माकडाने त्याला पाठीवर घेतले आणि कड्याला धरून ते पुढे निघाले. खाली पाणी आदळत होते. बऱ्याच वेळाने ससा कण्हत म्हणाला, "दादा, लाट तुला आधी दिसली नव्हती का रे?"

माकडाचे तोंड आता रिकामे होते, तरी त्याला उत्तर देता येईना.

तात्पर्य : आपल्या भरवशावर जो मान खाली घालून चालतो, त्याच्या जिवाची काळजी आपल्या पोटाच्या आधी करावी.