तळ्यातली थांबण्याची जागा

“एवढी माणसं बुडाली, बाबा, आणि काठावर साधा एक दगडही नाही?”

मार्तंडने हे विचारलं तेव्हा नूरबाबा झोपडीपुढे बसून फाटकी गोधडी शिवत होते. तळ्याकाठच्या या म्हाताऱ्या फकिराकडे लोक मन मोकळं करायला येत. मार्तंड भांडायला आला होता.

तळं कसलं, समुद्रच. पलीकडचा काठ दिसला तर स्वच्छ सकाळीच दिसायचा. मार्तंड लहान असताना जत्रेहून परतणारी नाव वादळात सापडून इथेच बुडाली. तिच्यात त्याची आई होती.

पुढे तो शिकला, चार पोथ्या तोंडपाठ केल्या आणि पाचवी आपणच लिहू असं त्याला वाटू लागलं. पण या तळ्याचं पाणी त्याने पुन्हा कधी तोंडी लावलं नाही. टेकडीपलीकडच्या विहिरीचं पाणी तो वाळक्या भोपळ्यात भरून बरोबर बाळगायचा.

“मी खांब उभारणार,” तो म्हणाला. “उंच. लांबून दिसेल असा. इथले लोक त्याच पाण्यावरून हसत-खिदळत ये-जा करतात. विसरलेत सगळे. तुम्ही शब्द टाकलात तर गाव ऐकेल.”

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

“नाव बुडाली कुठे?”

मार्तंडने नुसता पाण्याकडे हात केला. मग तो हात हळूहळू खाली आला.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला.

“चल तर. आधी जागा बघू.”

नावेत चढताना मार्तंड काठाशीच अडला. बाबांनी त्याचा हात धरला आणि तो नावेत बसेपर्यंत सोडला नाही. नावेत पलीकडच्या बाजाराला निघालेली माणसं होती, टोपलीत कोंबड्या होत्या, सासूबरोबर एक नवी नवरी होती. तिची थट्टा चालली होती. मार्तंडच्या कपाळावरची शीर उडू लागली.

तळ्याच्या मधोमध येसाजी नावाड्याने वल्हं उचललं.

कोणी काही सांगितलं नाही, तरी सगळे गप्प झाले. ज्याने त्याने कडेला वाकून ओंजळभर पाणी घेतलं, प्यायलं, आणि पाण्याकडे बघून हलकेच म्हटलं, “येतो हं.” सासूने कोपराने ढोसलं तशी नवरीही लाजत म्हणाली, “येते.”

“हे... कधीपासून?” मार्तंडने विचारलं.

“नाव बुडाली तवापास्नं,” येसाजी म्हणाला. “हितं थांबल्याबिगर कुनी पल्याड जात न्हाई, महाराज. त्यांच्या दारावरनं जायाचं, आन् घोटभर पानी बी घ्यायचं न्हाई?”

मार्तंडचा हात सवयीने भोपळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आई या पाण्यात होती. आजवर त्याने फक्त पाणी पाहिलं होतं...

बाबा वाकले. त्यांनी ओंजळ भरली आणि मार्तंडच्या तोंडापुढे धरली. बोटांतून पाणी गळत होतं.

मार्तंडने मान झुकवली आणि बाबांच्या ओंजळीतून पाणी प्यायलं. गोड होतं. ते कडूच असणार असं तो इतकी वर्षं धरून बसला होता.

मग त्याला रडू फुटलं. लहान मूल रडतं तसा तो रडला. शेजारच्या कोंबडीवाल्याने टोपली बाजूला सरकवून त्याला नीट बसायला जागा करून दिली.

बऱ्याच वेळाने त्याने उपरण्याने तोंड पुसलं. एवढ्या माणसांपुढे रडल्याची त्याला आता लाज वाटत होती. मान वर न करताच तो येसाजीला म्हणाला, “चला... घ्या नाव पुढे.”

येसाजीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी वल्ह्यावर हात ठेवला.

“आईच्या दारातून असं न सांगता निघतात का, बाळा?”