पलीकडल्याचा झरा

त्या माळावर कुणाचंच काही चुकत नसे. चूक झाली, की ती पलीकडल्याची असे.

पलीकडला कोण हे प्रत्येक मेंढराला पाठ होतं आणि पाहिला मात्र कुणीच नव्हता. वरच्या अंगाला माळ जिथं संपून खडक सुरू होतात तिथं त्याचं बुजगावणं उभं होतं. एक खांब, त्यावर काजळी फासलेलं मडकं, मडक्याला दोन शिंगं आणि खाली काळं घोंगडं. पलीकडला माळावर आलाच तर त्या घोंगड्यात शिरून उभा राहतो, असं म्हणत.

रीत सोपी होती. कुणाच्या पायानं काही वाकडं झालं, की त्यानं खडकापाशी जायचं, बुजगावण्याकडे पाठ करायची, मागच्या खुरानं एक दगड उडवायचा आणि म्हणायचं, "तुझं तुला." मग मागं न बघता सरळ कळपात यायचं, की झालं मोकळं. जावेचा पाला खाल्ला, उडवा दगड. म्हाताऱ्या सासूला ओहळाकाठून ढकललं, उडवा दगड. मागं वळून बघायची मात्र सक्त मनाई होती. बघणाऱ्याला तो धरतो, असं आया पिल्लांना सांगत आल्या होत्या, आणि आयांनी सांगितलेलं कोण तपासून बघतो?

आता बुजगावणं काही आपोआप टिकत नाही. दरवर्षी काजळी लावायची, घोंगडं शिवायचं, शिंगं बदलायची, हे काम शेळ्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. म्हणून शेळ्यांनी ओहळावर सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायचं. शिंगं लागत ती मेलेल्या शेळीची. मेंढेबुवा कळपाचे पुढारी होते आणि त्यांच्या डोक्यावरही दोन वळणदार, दणकट अशी काहीतरी होती. पण त्यांना मुकुट म्हणायची पद्धत होती.

या गोष्टीच्या वेळी शेळ्यांच्या घरात दोघंच उरली होती, काबरी आणि तिचा चुलतभाऊ तिळ्या. मडक्यावरची शिंगं काबरीच्या आईची होती. काबरीनं ती आपल्या तोंडानं तिथं बसवली होती, मडक्यात डोकावून पाहिलं होतं, आणि आत एक कोळ्याचं जाळं सोडून काही नव्हतं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. विचारलंच कुणी नव्हतं.

त्या वर्षी ओहळ आटायला लागला. पाऊस झाला होता, गवत होतं, पण पाण्याची धार करंगळीएवढी झाली आणि मग तीही तुटक. आयांचं दूध गेलं. ढवळा नावाच्या मेंढीचं एक कोकरू तहानेनं मेलं आणि दुसरं मान टाकून पडलं. ढवळा तिन्हीसांजेला गुपचूप काबरीकडे आली. तिची मान खाली होती.

"काबरे, तुला दूध आहे म्हणतात."

"आहे थोडं."

"कुणाला कळता कामा नये गं बाई."

काबरीनं कोकराला जवळ घेतलं. तिचं स्वतःचं पिल्लू मागल्या थंडीत गेलं होतं. कोकरानं तोंड लावलं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की ती कितीतरी वेळ हललीच नाही. आठ दिवसांत कोकरू उड्या मारायला लागलं आणि दिवसभर काबरीच्या मागं मागं फिरायला लागलं. मग काय, झाकली मूठ उघडी पडलीच.

मेंढेबुवांनी कळप गोळा केला. "दगड कमी पडत नाहीत, तरी पाणी तुटतंय," ते म्हणाले. "याचा अर्थ, त्याचं काहीतरी आपल्यातच शिरलंय. या कोकराच्या पोटात शेळीचं दूध आहे. शेळी कुणाची, हे मी सांगायला नको. कोकरू खडकापलीकडे सोडून द्यावं, म्हणजे त्याचं त्याला पोचेल आणि आपलं आपल्याला."

ढवळा एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थांबली. आजवर तिनंही कितीतरी दगड उडवले होते आणि रीत कशी चालते हे तिला ठाऊक होतं. बाकीचे खाली बघत रवंथ करत राहिले. मग काबरी पुढं आली.

"कोकराचं काही नाही. त्याची कुणी असेल, तर ती मी आहे."

पलीकडल्याचं काम करणारे होते, त्याच्यावर ढकलणारे होते. पण मी त्याची आहे, असं आपल्या तोंडानं म्हणणारं आजवर कुणी झालंच नव्हतं. अशांचं काय करायचं, ते रीतीत लिहिलेलं नव्हतं. मेंढेबुवा दोन पावलं मागं सरले.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"मी त्याची आहे. त्याचं घोंगडं मी शिवते, त्याला शिंगं माझ्या घरची लागतात. मग मी दुसऱ्या कुणाची असणार, बुवा?"

तिला कुणी हात लावला नाही. तिनं वाट धरली तसा कळप दुभंगला, आणि ती बुजगावण्याच्या पायाशी जाऊन बसली. कोकरू तिच्या मागं धावलं, तेव्हा ढवळानं त्याला कानाला धरून ओढून नेलं. ते ओरडणं काबरीला खडकापर्यंत ऐकू येत होतं. तिच्या सडांत दूध दाटलं आणि दोन दिवस तिथंच दगडांवर गळून गेलं. ती रडली, अगदी पोटभर रडली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की इथं रडताना बघायला, नावं ठेवायला कुणीही येत नाही. उभ्या माळावर यापेक्षा निर्धास्त जागा नव्हती.

दगड येत असत, पण ते पाठमोरे उडवलेले. दहातला एखादा लागे. ते चुकवायला ती लवकरच शिकली.

पहिली आली पिठी, एक लंगडी मेंढी. "इथं बसलं तर चालेल का?" तिनं विचारलं. काबरी म्हणाली, "विचारायचं नाही. बसायचं." नंतर तिळ्या आला, मग ज्यांना कळपात कोपरा मिळत नसे अशी आणखी पाच-सहा. ती येत ती घाबरतच. पलीकडला कुठाय, म्हणून विचारत. काबरी मडकं काढून त्यांच्या तोंडासमोर धरी. काहीजण आत बघत आणि हसत सुटत. काहीजण बघत आणि त्यांना कापरं भरे, कारण आतला रिकामेपणा त्यांना शिंगांपेक्षा भयंकर वाटे.

"कुणीच नाही, तर मग आपण इथं का बसायचं?" पिठीनं विचारलं.

"कुणीच नाही म्हणूनच जागा मोकळी आहे," काबरी म्हणाली.

हळूहळू त्यांचीही एक रीत झाली. सूर्य टेकला की एकानं घोंगडं पांघरून खांबापाशी उभं राहायचं आणि आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. आज मी पलीकडला, म्हणायचं. उद्या दुसऱ्यानं. हा खेळ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी घोंगडं अंगावर पडलं की लंगड्या पिठीचीही मान ताठ होई. तिथं कुणी कुणापुढं मान घालत नसे. भूक लागली तर भूक लागली म्हणत, तिला पाप म्हणत नसत. प्रेमानं आला त्याला प्रेम, ढुशी मारली त्याला ढुशी. खालून कळपाला मात्र एवढंच दिसे, की तिन्हीसांजेला बुजगावणं हलतंय, आणि रोज त्याची उंची वेगळी आहे. माळावर त्या दिवसांत कुणाला धड झोप लागली नाही.

एका दुपारी वारा पडला होता. काबरी दगडांच्या ढिगावर कान टेकून पडली होती आणि तिला खालून काहीतरी ऐकू आलं. बारीक, अडखळत, कुणीतरी घशातल्या घशात बोलावं तसं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण चुकलो, तो आहे, आणि तो खाली आहे. पळावं असं पाय म्हणत होते. तिनं एक दगड बाजूला केला, मग दुसरा. चौथ्या दगडाखालची माती ओली होती.

ओहळाचा झरा तिथंच होता. पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून उडवलेल्या दगडांनी त्याचं तोंड बुजवलं होतं. मागं वळून बघायचंच नाही म्हटल्यावर कुणाला दिसणार होतं?

"आपापला दगड उचला," काबरीनं सांगितलं.

"आपला कोणता, कसं कळायचं?" कुणीतरी कुरकुरलं.

पिठी ढिगापाशी गेली, बराच वेळ उभी राहिली आणि एक चपटा दगड तोंडात धरून बाजूला ठेवून आली. "हा माझा," ती म्हणाली. "भावजयीचं पिल्लू दरीत पडलं तेव्हा मी जवळ होते. हाक मारता आली असती. मारली नाही." मग ती तिथंच खाली बसली. तिच्यामागून एकेकजण गेला. हे काम फार सावकाश चाललं. दगड हलके होते, पण उचलणारा दर वेळी दमून जाई.

तिळ्या मात्र ढिगाकडे फिरकला नाही. तो मडक्याखाली बसून राही. वारा मडक्यात शिरला की घूं असा आवाज येई, आणि त्यात आपल्याला शब्द ऐकू येतात, असं तो म्हणायला लागला होता.

"तो बोलतो, काबरे. माझं नाव घेतो."

"वारा आहे रे तो. ये, बघ आत."

"बघायची गरज काय? ऐकू येतंय की."

"तिळ्या, तुला ढुशी मारणारे खाली आहेत. तुझं ऐकणारा वर कुणी नाही. एवढंच आहे आपल्यापाशी."

"एवढ्यानं माझं भागत नाही," तिळ्या म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या सकाळी तो, त्याच्याबरोबर तिघं, आणि त्यांच्याबरोबर मडकं, शिंगं आणि घोंगडं असं सगळंच डोंगराकडे निघून गेलं. काबरीनं अडवलं नाही. आईची शिंगं गेल्याचं तिला वाईट वाटलं. कुणाला अडवायचं नाही, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं.

मागं नुसता खांब राहिला. आणि त्यानंतर जे झालं त्यानं काबरीचा थरकाप उडाला. काहीच झालं नाही. कळप रोज खाली मान घालून येत राहिला, पाठ करत राहिला, दगड उडवत राहिला. तुझं तुला, तुझं तुला. पलीकडे कुणी उभं नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

अखेर शेवटचा मोठा दगड निघाला आणि पाणी वर आलं. खडकाच्या खोलगट भागात ते साठलं, गार, नितळ, काठोकाठ भरलेलं. पिठी पोटभर प्यायली. मग तिनं खालच्या माळाकडे तोंड करून साद घातली, "पाणी आहे रे."

कळप आला. यायलाच लागलं, दोन दिवसांत आणखी तीन कोकरं गेली होती. पाणी बघून सगळे थबकले. ते पलीकडल्याच्या खांबापाशी होतं. प्यावं की न प्यावं? सगळ्यांचे डोळे मेंढेबुवांवर लागले. कोकरं आयांच्या पायांतून पुढं घुसायला बघत होती आणि आया त्यांना मागं दाबत होत्या.

मेंढेबुवांना तहान लागली होती, त्यांचीही जीभ बाहेर आली होती. पण पाणी प्यायचं तर पाठ करून कसं पिणार? ते तोंड समोर करून पुढं आले. आयुष्यभर त्यांनी पळत्या, गढूळ ओहळात तोंड घातलं होतं. थांबलेलं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दुपारचं ऊन पाठीमागून येत होतं. ते काठावर आले आणि वाकले.

पाण्यातून एक काळं तोंड वर बघत होतं. त्याला दोन शिंगं होती.

मेंढेबुवा मागं उडाले. "आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कुणालाही ओळखू आला नाही. "तो पाण्यात आहे. मी पाहिला. वळा सगळे, वळा."

"बुवा," काबरी म्हणाली, "पुन्हा एकदा बघा. नीट बघा."

पण ते वळले होते. त्यांच्या मागोमाग उभा कळप वळला. चाळीस पाठी पाण्याकडे झाल्या, चाळीस खुरं मागच्या दगडांना चाचपू लागली. त्या गडबडीत आयांच्या पायांची भिंत मोडली आणि एक कोकरू बाहेर निसटलं. ते थेट काबरीकडे आलं, तिच्या पोटाला नाक लावून हुंगलं, तिथं आता काही नव्हतं, आणि मग ते पाण्यापाशी गेलं.

पहिला दगड काठावर आदळला. दुसरा पाण्यात पडला.

"ढवळे," काबरी ओरडली, "तुझं कोकरू!"

ढवळाचा पाय उचललेला होता. तिच्या खुराखाली दगड होता. तो तिनं तसाच सोडला, आणि त्या सगळ्या पाठींमध्ये तिचं एकटीचं तोंड फिरलं.

कोकरानं वाकून पाण्यात बघितलं. पाण्यात एक कोकरू होतं. त्यानं त्याला नाक लावलं आणि ते पिऊ लागलं.