पळसवनाचा डावा कोपरा

त्या प्रदेशात उन्हाळ्याची सावली कुणालाही आयती मिळत नसे. नदीचा एक काठ झाडीचा होता आणि दुसरा उघडा, दगडांचा. झाडीचा काठ कोणत्या वनाने घ्यायचा हे पूर्वी शिंगांनी ठरे. पुढे शहाणपण आले आणि ते चेंडूफळीने ठरू लागले. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने तो फळीने टोलवायचा, आणि जमिनीवर पडण्याआधी कुणी झेलला तर टोलवणारा बाद. पळसवन कित्येक वर्षे हरत आले होते. मागच्या उन्हाळ्यात त्याची काही पाडसे उघड्या काठावरून परतलीच नाहीत.

सामन्यांपूर्वी, थंडी सरता सरता, सरावाचा महिना असे. या महिन्यात हारजीत मोजत नसत, त्यामुळे सगळेच आनंदात असत. झुंजार नावाचे काळवीट चेंडू पार करवंदीच्या जाळीपलीकडे टोलवी, आणि बांधावर बसलेले पळसवन म्हणे, यंदा आपलेच वर्ष.

बांधावर भिवरा घोरपडही बसे. तिला खेळता येत नव्हते. तिचे पाय चिकटून राहण्याचे होते, चेंडूमागे पळण्याचे नव्हते. पण पळसवनाचा एकही सराव तिने चुकवला नव्हता. ज्यांच्यात जीव अडकला आहे त्यांच्याविषयी मत असायचेच, असे ती मानी. तिचे एक मत असे की झुंजारला चेंडू टाकणारे आपलेच भाऊबंद आहेत, तेव्हा त्या टोल्यांवर फार विसंबू नये. हे मत बाकीचे हसून सोडून देत. तिचे दुसरे मत मात्र कुणाला सहन होत नसे. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात म्हादू मुंगूसच हवा, असे ती म्हणे.

मागच्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात म्हादूच्या पंजातून झेल सुटला होता, आणि त्याबरोबर झाडीचा काठही. तेव्हापासून तो वाटेने निघाला की हरिणी तोंड फिरवत.

महिना संपला तशी संघ निवडायला सभा भरली. संघाला शिकवणारा आबा सांबर मधे उभा होता. डावा कोपरा आला तेव्हा भिवरा पुढे सरकली.

"आबा, एक विचारते. झेल म्हादूकडून सुटला, खरं आहे. पण चेंडू कुठे पडत होता? इतक्या लांब तो पोचला, म्हणून तर सुटला. जो जागचा हलतच नाही, त्याच्याकडून झेल सुटणार कसा?"

"म्हणजे आता सुटलेल्या झेलाचा सत्कार करायचा का?" फांदीवरून मैना म्हणाली. सभा हसली.

"सत्कार नको. उभं करा, एवढंच म्हणते."

तेव्हा एक म्हातारी हरिणी उठली. तिचे पाडस त्या उन्हाळ्यात गेले होते. "भिवराक्का," ती हळूच म्हणाली, "तुझं बरोबर असेलही. पण मला ते ऐकवत नाही."

भिवराची मान खाली गेली. तरी आपले मत तिने मागे घेतले नाही.

आबाने डाव्या कोपऱ्यासाठी चितळ निवडले. देखणे होते, आणि त्याच्याकडून आजवर एकही झेल सुटला नव्हता.

म्हादूने मैदानावर येणे सोडले. भिवरा त्याच्या बिळापाशी गेली.

"उद्या सरावाला ये."

"कशाला, अक्का? संघात नाही मी."

"संघ त्यांनी निवडला. धावायचं सोडायला तुला कुणी सांगितलं? ये तू. मी बांधावर आहे."

तो आला. संघ घरी गेल्यावर तो रिकाम्या मैदानात स्वतःच चेंडू उंच फेकून त्यामागे धावत राहिला, आणि भिवरा पाहत राहिली. हाक मारून ती एवढेच सांगे, "उशिरा निघालास," किंवा "आता बरोबर."

पहिल्या सामन्यात समोरच्या वनाने चेंडू पुन्हा पुन्हा डावीकडे टोलवला. चितळ दोन पावले ऐटीत टाकी, थांबे आणि चेंडू पडताना पाही. झुंजार तिसऱ्याच चेंडूवर बाद झाला. पळसवन हरले. परतताना कुणी कुणाला बोल लावला नाही.

"आज आपला एकही झेल सुटला नाही," आबा सांबर म्हणाला, आणि बोलता बोलताच वाटेत उभा राहिला. मग तो एकटा वळला आणि म्हादूच्या बिळाकडे गेला.

दुसऱ्या सामन्यात डाव्या कोपऱ्यात म्हादू दिसताच बांधावर आरडाओरडा झाला. चितळाला त्याच्या शेजारी उभे केले होते. पहिलाच उंच चेंडू दूर गेला. म्हादू धावला, झेपावला, चेंडू पंजाला लागला आणि निसटला. "बघा!" मैना ओरडली. आजूबाजूचे भिवराला बांधावरून ढकलू लागले. तिने नखे दगडात रोवली आणि ती जागेवरच राहिली.

पुढचा चेंडू आणखी लांब गेला. म्हादू पुन्हा धावला, आणि या वेळी झेल त्याच्या पंजात राहिला. त्यानंतरचा चेंडू दोघांच्या मधोमध आला. चितळाने म्हादूकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच अंग झोकून दिले. त्याच्याकडून झेल सुटला, पण तो हसत उठला. मग उजवीकडचा ससा झेपावला, मधला रानडुक्कर घसरत गेला. त्या दिवशी पळसवनाकडून इतके झेल सुटले की बांधावरच्यांनी मोजणे सोडून दिले. मात्र घेतलेले झेल त्याहून अधिक होते, आणि सामना पळसवनाने थोडक्यात जिंकला.

संघ बांधाकडे येऊ लागला. झेल सोडणाऱ्याला चार शब्द सुनावायचे म्हणून मैना फांदीच्या टोकावर येऊन बसली होती.

"यांतला झेल सोडणारा कोणता?" तिने विचारले.

भिवराने बराच वेळ निरखून पाहिले. गुडघ्यांपासून कानांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर एकच लाल माती होती. तिलाही ओळखता येईना.