तळचा दगड

“पण काढायचा का नाही?”

“कारण काढायचा नसतो,” पान्देलीसकाका म्हणाले.

“हे काय उत्तर झालं?”

“उतरंडीच्या बाबतीत एवढंच उत्तर आहे, पोरी. दगड ठेवायचा. काढायचा नाही. आणि का म्हणून विचारायचं नाही.”

रोदांथीनं तळहातातला दगड या हातातून त्या हातात घेतला. हा नियम ती बोलायला शिकली तेव्हापासून ऐकत आली होती. आज पहिल्यांदाच तो तिच्या वाटेत आडवा आला होता.

भूमध्य समुद्रातल्या त्या बेटाची उत्तरेची बाजू उघडीबोडकी. पाइनची राई संपली की मळलेली वाटही संपते. पुढे नुसता चुनखडीचा पांढराफटक खडक आणि त्याच्या फटीफटींतून थाइमची झुडपं, ओव्यासारख्या वासाची. खडकावर पाऊल उमटत नाही. म्हणून जुन्या वाटाड्यांनी दगडावर दगड रचून खुणा केलेल्या. मोठे तळाला, लहान वर. त्याच त्या उतरंडी. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. समुद्रावरून धुकं चढलं की बेटावरची माणसं दुसरं काही बघतच नाहीत. उतरंड दिसली की बिनघोर पाय टाकायचा.

आज चौघंजण शेवटच्या उतरंडीपाशी उभी होती. इथून वाट सरळ पुढे जाऊन कड्यावरून खाली उतरायची, पाण्याकाठच्या देवळीपर्यंत. उद्या देवळीचा सण. पहाटे सगळं गाव इथून उतरणार होतं, पोराबाळांसकट.

आणि आज रोदांथीनं या उतरंडीवर दगड ठेवला की तिला वाटाड्याची काठी मिळणार होती.

ती काठी थेक्लामाईंच्या हातात होती. माई राईच्या वर एका दगडी खोपटात एकट्या राहायच्या. काळा झगा, उन्हानं रापलेले हात, बोलणं कमी. वाट शिकायची असेल त्यानं त्यांच्याकडे जायचं, अशी बेटावरची रीत. मुख्य भूमीवर कॉलेज करून आलेली रोदांथी पहिल्या दिवशी त्यांना म्हणाली होती, “माई, मला काय शिकवाल?”

माई म्हणाल्या होत्या, “बूट काढ.”

तेव्हापासून ती अनवाणी त्यांच्या मागे चालत होती.

“पुन्हा सांगते,” रोदांथी म्हणाली. “काल मी देवळी झाडायला गेले, तेव्हा पोहत या कड्याखाली आले होते. वर बघितलं. हिवाळ्यातल्या लाटांनी कडा खालून खाल्लाय. आपण उभे आहोत तिथून जरा पुढे गेलं की खाली काही नाही. नुसता सज्जा लोंबतोय. थाइमची मुळं हवेत लटकलेली दिसतात.”

सगळ्यांनी पुढे पाहिलं. जांभळी फुलं डवरली होती. मधमाश्या गुणगुणत होत्या. कुठे एक भेग नव्हती.

झाफिरीसकाका हसले. आता त्यांचे गुडघे पूर्वीसारखे चालत नसत, पण एके काळी त्यांनीही काठी धरली होती.

“सज्जा म्हणे! अगं, गेल्या सणाला तिथेच बसून मी अख्खी भाकरी आणि चीज खाल्लं.”

“गेल्या सणाला. हिवाळ्याआधी.”

“हिवाळे काय आम्ही पाहिले नाहीत?”

“पाहिलेत ना काका. खालून पाहिलेत?”

झाफिरीसकाकांचं हसू जरा आखडलं.

“कॉलेजात दगडांवर पेपर लिहिलेस,” पान्देलीसकाका म्हणाले, “म्हणून आता दगड तुझं ऐकणार होय?”

“दगड ऐकतात. माणसांचीच पंचाईत आहे.”

“जीभ बघा हिची, माई!”

माई समुद्राकडे बघत होत्या.

रोदांथीनं पश्चिमेला हात केला. “ती घळ बघा. शेरडं तिथूनच उतरतात. आज सकाळी मी स्वतः उतरून आले. वाट पक्की आहे. ही उतरंड इथून उतरवून घळीच्या तोंडाशी रचायची. आपण चौघं लागलो तर ऊन चढायच्या आत होईल.”

“उतरवायची?” पान्देलीसकाकांचा आवाज चढला. “ही कोणाची उतरंड आहे, माहीत आहे? माई तुझ्या वयाच्या होत्या तेव्हा त्यांनी रचलीय ही. माझ्या बापानं हिच्यावर दगड ठेवलाय. तो समुद्रात गेला, त्याला थडगंसुद्धा नाही. आहे ते एवढंच.”

रोदांथीनं उतरंडीकडे पाहिलं. तो दगड तिला ठाऊक होता. तांबूस, मधोमध पांढरी रेघ असलेला. काका येता-जाता त्याला बोट लावायचे.

“तो दगड मी माझ्या हातांनी नेईन काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “उराशी धरून नेईन. पण न्यावा लागेल.”

“नाही.” काकांनी मान फिरवली. मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ. उद्या मी स्वतः इथे उभा राहतो. येईल त्याला घळीकडे वळवतो. मग तर झालं?”

“आणि परवा?”

काकांचं बोट त्या तांबूस दगडावर गेलं.

“परवा धुक्यात कोणी एकटं आलं तर? तुम्ही नसाल. ही असेल. आणि ही सांगेल, ये, पुढे ये.”

“किती वर्षं हिनं माणसं सुखरूप नेली…”

“नेली. आता नेणार नाही.”

वारा पडला होता. माईंनी काठी बगलेत धरली आणि त्या सावकाश पुढे चालू लागल्या, फुलांच्या दिशेनं.

“माई!” रोदांथी ओरडली. “पुढे नको!”

माई थांबल्या. गुडघे टेकले. दोन्ही हातांनी थाइमची झुडपं बाजूला सारली आणि खडकाला कान लावला.

तशाच राहिल्या.

…

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. गालाला पांढरी धूळ लागली होती.

“काय ऐकलंत, माई?” झाफिरीसकाकांनी विचारलं.

“समुद्र.”

“बेट आहे माई हे. समुद्र तर सगळीकडेच ऐकू येतो.”

“हो.”

माई परत उतरंडीपाशी आल्या. एका हातानं काठी उभी धरली, दुसऱ्या हातानं रोदांथीच्या मुठीकडे बोट दाखवलं.

“रीत काय आहे?”

“दगड ठेवायचा, काठी घ्यायची,” रोदांथी म्हणाली.

“मग ठेव.”

रोदांथीनं त्यांच्याकडे पाहिलं. माईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ना राग, ना खूण.

“ठेव पोरी,” झाफिरीसकाका आता मऊपणे म्हणाले. “एका दगडानं काय होतंय? काठी घे. उद्या तुझ्या मागे सगळं गाव चालेल. मग तू सांग तुझं, तेव्हा ऐकतीलही. आत्ता मोडता घातलास, तर कुत्रंसुद्धा तुझ्या मागे यायचं नाही.”

खरं होतं ते. या काठीसाठी ती मुख्य भूमीवरची नोकरी सोडून आली होती. आईनं बोलणं टाकलं होतं. पायांना भेगा पडल्या होत्या.

त्याच पायांना आत्ता खडकातून काहीतरी जाणवत होतं. खोल कुठेतरी लाट आदळली की बारीकशी थरथर. बुटांत कधीच जाणवली नसती ती.

“नाही माई,” ती म्हणाली.

“काय?”

“नाही ठेवणार. हा दगड ठेवला तर मीही उद्या येणाऱ्याला म्हणेन, ये, पुढे ये. मी तसं म्हणणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही. काठी नको मला.”

ती वळली. घळीच्या तोंडाशी गेली. तिथला खडक पायानं चाचपून पाहिला, जरा उजवीकडे सरकली, पुन्हा चाचपून पाहिला. मग खाली वाकून आपला दगड तिथे ठेवला. एकटाच. मूठभर.

“तुम्ही कोणी हात लावला नाहीत तरी आज ही उतरंड मी उतरवणार,” ती तिथूनच म्हणाली. “दिवस मावळेपर्यंत वेळ लागला तरी चालेल.”

झाफिरीसकाका त्या मूठभर दगडाकडे बघत राहिले. खाली, फार खाली, पाणी आत शिरल्याचा घोगरा आवाज आला, आणि या वेळी तो सगळ्यांनीच ऐकला.

माईंनी काठी शेजारच्या खडकाला टेकवून ठेवली. झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. उतरंडीवरचा पहिला दगड उचलला, तांबूस, पांढऱ्या रेघेचा, आणि तो पान्देलीसकाकांच्या हातात दिला.

मग दुसरा उचलला.

“रोदांथी,” त्या मागे वळून न बघता म्हणाल्या, “मी ही रचली तेव्हा तळचा दगड माझ्या गुरूंनी ठेवला होता. तो तू उचल. माझ्या हातून निघायचा नाही.”