लखूचा माळा

कोयनेचं पाणी अजून कुणी अडवलं नव्हतं आणि जावळीच्या रानात दिवसाही माणसाला माणूस भेटत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात कारवदांड नावाची धनगरांची वाडी होती. घरं होती सात, आणि प्रत्येक अंगणात मधमाश्यांचं एक खोड होतं. जांभळीचं पोकळ खोड दगडावर उभं करायचं, तोंडावर काठ्या आडव्या टाकायच्या आणि वर फळी ठेवायची. सातेरी माश्या आपणहून येऊन आत राहायच्या आणि काठ्यांना पोळी बांधायच्या.

लखू ढेबे हा त्या वाडीतला. असं म्हणतात, की तो उघडा हात खोडात घालायचा आणि माश्या बाजूला सरून त्याला वाट द्यायच्या. माश्यांशी तो हळू बोलायचा. घरात मात्र त्याचा आवाज चढलेला असायचा.

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी सगळा डोंगर निळा झाला आणि माश्यांना उसंत राहिली नाही. लखूचं खोड मधानं गच्च भरलं. आत जागा उरली नाही, तशा माश्या खोडाच्या भोकाबाहेर घोंगडीसारख्या लोंबू लागल्या.

लखूच्या घरातही तेच झालं होतं. घर एकखणी. अर्ध्यात म्हशी, अर्ध्यात नऊ माणसं. थोरला धुळा, त्याचं नवं लग्न झालेलं, बायको पोटुशी. धुळा बापाला म्हणाला, "आबा, वर माळा काढू. लाकूड मी तोडून आणतो."

"खाली देव हाय," लखू म्हणाला. "देवाच्या डोक्यावर पाय पसरून झोपणार का तू?"

कारवदांडात तेव्हा कुणाच्याच घराला माळा नव्हता. देव जमिनीवर, म्हणून माणूसही जमिनीवर. आधी कुणी वर चढलं नव्हतं आणि चढायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मग आम्ही निजायचं कुठं?"

"जागा न्हाई, तर न्हाई. खाली कोकण पडलंय की मोकळं."

लखू रागात बोलून गेला. धुळानं मात्र ते मनात धरलं. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन घाट उतरला. असं म्हणतात, की तो निघाला त्याच घटकेला लखूचं मोहोळ उठलं. अर्ध्या माश्या आकाशात काळ्या झाल्या आणि त्याच वाटेनं खाली गेल्या. लखूनं धूळ उडवली, पाणी मारलं. एकही माशी फिरली नाही.

त्यानंतर लखू बोलेनासा झाला. दिवसभर खोडापाशी बसून असायचा. दर वर्षी माश्या दाटायच्या, भोकाबाहेर लोंबायच्या आणि निम्म्या उठून जायच्या. एका वर्षी त्यानं फळी काढली, तिच्या जागी खोडाचं एक रिकामं कडं बसवलं आणि फळी त्याच्या वर ठेवली. मोहोळाला त्यानं माळा काढला होता. कडं राखेनं घासून, धुऊन, पाहुण्यासाठी करावं तसं स्वच्छ केलेलं. महिना गेला. माश्या खाली चेंगरून राहिल्या, पण वर एकही चढली नाही.

बायको ठकूबाई शेण थापत होती. तिथूनच म्हणाली, "मोहोळाला माळा? बरं सुचलं. पर घासूनपुसून ठेवलंय म्हणून जाईल व्हय कुणी? लेकरू ठेवा वर. आई काय खाली बसतीय?"

लखूनं खालच्या पोळ्याचा एक तुकडा काढला. त्यात माश्यांची पिल्लं होती. केळीच्या सोपट्यानं तो त्यानं वरच्या कड्यात बांधला. दुसऱ्या दिवशी पिल्लांना ऊब द्यायला माश्या वर गेल्या, आणि गेल्या त्या तिथंच पोळी बांधू लागल्या. त्या वर्षी त्याचं मोहोळ उठलं नाही.

मग लखूनं आपल्या घरावरही माळा काढला. देव उचलून आधी वर नेला, म्हणजे त्याच्या डोक्यावर कुणी झोपायला नको. वाडी बघत राहिली. इतकी वर्षं हे कुणालाच सुचलं नव्हतं.

सातवं वर्ष आलं आणि कारवी पुन्हा फुलली. कोकणातून बैलांवर मीठ घेऊन येणारा एक मीठवाला होता. लखूनं त्याच्याकडे निरोप दिला, "धुळाला म्हणावं, माळा काढलाय. देव वर नेलाय. ये."

मीठवाला परत आला तो मान खाली घालून. "खोपी पडलीय, बाबा. पैल्याच पावसात तापाची साथ आली. तिघंबी गेली."

लखूनं विचारलं, "तिसरं काय होतं? मुलगा का मुलगी?"

"ते इचारायचं ऱ्हायलं."

लखू उठून खोडापाशी गेला आणि कड्यावर कडं चढवू लागला. असं म्हणतात, की तो चढवेल तेवढं माश्या भरत गेल्या. दोन कडी झाली, पाच झाली, खोड घराच्या आढ्याच्या वर गेलं, समोरच्या हिरड्याच्याही वर गेलं. घूं घूं आवाज नदीपलीकडे ऐकू येत होता. शिडीला शिडी बांधून लखू चढत होता. ठकूबाई खालून म्हणाली, "आवं, उतरा आता. पुरं झालं." त्यानं वरून एवढंच सांगितलं, "अजून तिघांची जागा करायची हाय."

तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. ते निवळलं तेव्हा शिडीवर कुणी नव्हतं. खाली पडलेलंही कुणी नव्हतं. माश्या मात्र सगळ्या जागेवर होत्या.

आता कारवदांडात खोडं नाहीत, लाकडी पेट्या आहेत. पेटी दाटली की तिच्यावर दुसरा मजला चढवतात. त्याला तिथं लखूचा माळा म्हणतात, आणि पिल्लांचं एक पोळं वर ठेवल्याशिवाय तो झाकत नाहीत. कारवीच्या वर्षी वाडीत कुणी चूल वेगळी करत नाही. भांडण झालंच, तर ते फूल सरेपर्यंत पुढं ढकलतात. आणि त्या वर्षी प्रत्येक घरात माळा सारवून तीन घोंगड्या अंथरतात, दोन मोठ्या आणि एक लहान. लहान घोंगडीपाशी घरातली म्हातारी बाई वाकते आणि एक नाव ठेवते. कुणी मुलाचं ठेवतं, कुणी मुलीचं. दर वेळी नवं नाव ठेवावं लागतं, कारण खरं कुणालाच माहीत नाही.