नेड गॅरिटीचा बिल्ला

थांबा मंडळी, एकदम आत डोकावू नका. कुरांबीनच्या या बंद खाणीपाशी आलेला माणूस आधी त्या फळीकडे बघतो, मगच पुढे होतो. ऑस्ट्रेलियात येऊन मला चाळीस वर्षं झाली, पण हा नेम मी मोडलेला नाही. फळीवर खिळे शंभर, बिल्ला मात्र एकच. पितळी, एक्केचाळीस नंबरचा.

खाली उतरताना आपला बिल्ला इथे अडकवायचा, वर आलं की काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे.

नेड गॅरिटी इथलाच, कोळसा फोडणारा. शंभरेक वर्षांपूर्वी मजूर पक्षाने त्याला पार्लमेंटात धाडलं. निघताना त्याने सगळ्यांदेखत स्वतःचा बिल्ला या फळीवर टांगला, असं सांगतात. म्हणाला, "खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट हवी. तसा कायदा होईतो मी खालीच आहे असं समजा."

त्याची बायको नोरा हादरलीच. वर असलेल्या माणसाचा बिल्ला टांगला की खाण त्याला मागून घेते, असं जुनी माणसं म्हणत. "हात जोडते, काढ रे तो," ती विनवायची. "शब्द दिलाय गं," एवढंच तो म्हणे.

पुढे गडी मंत्री झाला. सरकार टिकवायचं म्हणून कायदा लांबणीवर टाकायला कबूलही झाला. पण बिल्ला काढायची त्याला लाज वाटली. आणि ज्या दुपारी तो सभागृहात तसं सांगणार होता, नेमकं त्याच दुपारी खाणीचं छत बसलं! आत आठ जण अडकले. आठही जण कुठल्याशा बुजलेल्या जुन्या भुयारातून सरपटत वर आले, काळेठिक्कर होऊन. सगळ्यांचं म्हणणं एकच, "नेड दिवा घेऊन पुढे चालला होता."

नेड तर पाचशे मैलांवर, सभागृहात! संध्याकाळी तार आली. कायदा पुढे ढकला म्हणायला तो उभा राहिला, पण तोंडातून शब्द फुटेना. खुर्चीत कोसळला तो गेलाच. केसांत कोळशाची भुकटी होती, म्हणे.

वर्षभरात कायदा झाला, दुसरी वाट खोदली गेली. पहिली पाळी त्या वाटेने वर यायची होती त्या दिवशी नोरा फळीवरचा बिल्ला काढून, मुठीत घट्ट धरून नव्या तोंडाशी उभी राहिली. शब्द पुरा झाला, आता माझा नवरा मला परत द्या, एवढंच तिचं मागणं. माणसं एकेक करून बाहेर आली. सगळ्यांत शेवटी म्हातारा डॅन फेरो आला आणि टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला.

"होता ना तो?"

"होता, बाई. इथवर वाट दाखवली, मग मागे वळला. म्हणाला, दुसरी पाळी खाली उतरलीय."

नोरा ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने स्वतःच्या हाताने बिल्ला परत खिळ्याला अडकवला.

आजही आतून ठक ठक ऐकू येतं. खाण बंद होऊन तीस वर्षं झाली, शेवटचा माणूस कधीच वर आला. पण हे नेडला सांगणार कोण? नोरा आता नाही, आणि तो बिल्ला काढायची आमची कुणाची छाती होत नाही.